लष्कराच्या भाकऱ्या भाजून आपल्याला नक्की काय मिळतं?

रंकाळ्याची_झुळूक

नमस्कार मंडळी, प्रश्न स्वार्थी आहे हे आधीच सांगते. (आमच्यात बायका पण 'सांगतो' म्हणतात, पुण्यात राहून माझं 'सांगते' झालंय आणि आई त्यावरून पण बोलते, असो.) वय 36, पुण्याच्या कंपनीचं काम गेली चार वर्षं कोल्हापुरात घरून करते. सकाळी नऊला लॅपटॉप उघडला की संध्याकाळी सातला मान वर. शनिवार-रविवार रिकामा, तो झोपण्यात आणि रील्स बघण्यात जातो.

परवा मामेबहिणीचा कॅलिफोर्नियाहून व्हिडिओ कॉल आला. ती तिकडं एका संस्थेसाठी पिल्लू सांभाळते, अपंग माणसांना मदत करणारी कुत्री तयार करतात ना, त्यातलं. लॅब्रॅडॉर, आठ आठवड्यांचं असताना घरी आलं, आता दीड वर्षाचं व्हायला आलं आणि पुढच्या महिन्यात परत द्यायचं. बाई ढसाढसा रडत होती, आणि रडता रडताच म्हणते दुसऱ्या पिल्लाचा फॉर्म भरलाय! मी म्हटलं अगं पैसे देतात का तुला? तर म्हणे उलट खाण्याचा खर्च माझाच. आई मागून ओरडली, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या!"

तर ज्यांनी कुठलंही असलं फुकटचं काम केलंय त्यांनी सांगा, तुम्हाला स्वतःला काय फरक पडला? "समाधान मिळतं" हे उत्तर नको, ते सत्काराच्या भाषणात ऐकून पाठ झालंय. आणि वेळ किती जातो तेही खरं खरं सांगा.

---

जर्सीवाला_कोल्हापूरकर

मूळचा राजारामपुरीचा, आता न्यू जर्सीत. आम्ही नवरा-बायकोनं अशी दोन पिल्लं सांभाळली, एक कामाला लागलं आणि एक नापास होऊन आत्ता माझ्या पायाशी घोरतंय.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण आमच्या घरच्यांना पण वाटायचं की हा कुत्र्याला आंधळ्या माणसाला रस्ता पार करायला शिकवतो. तसं नाही. ते खरं शिक्षण संस्थेतले ट्रेनर नंतर देतात, काही महिने. आपण फक्त लहानाचं मोठं करायचं आणि वळण लावायचं. सांगितल्यावरच शी-शू, अंगावर उडी नाही, जमिनीवर पडलेलं खायचं नाही, आणि जगातली प्रत्येक गोष्ट घाबरून न जाता बघायची. लिफ्ट, बस, जाळीचा जिना, रडणारी पोरं. आमच्याकडं त्यात कुकरची शिट्टी, मिक्सर आणि आरतीची घंटा पण आली. एकदा गणपतीच्या आधी ढोल-ताशाच्या प्रॅक्टिसला लांब उभं केलं, पठ्ठ्या झोपला. ट्रेनर बाईंना ते ऐकून फार भारी वाटलं.

इथं हे प्रकरण जुनं आहे, मॉरिसटाउनची 'द सीइंग आय' 1929 पासून अंधांसाठी कुत्री तयार करते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटी कुत्र्याला आज्ञा मोडायला शिकवतात. मालक म्हणाला पुढं चल, पण समोरून गाडी येतीय, तर कुत्र्यानं हलायचं नाही. आपल्याकडं पोरांना सुद्धा हे कोण शिकवत नाही.

आता फायदा. मी ऑफिसात कुणाला नाही म्हणू न शकणारा माणूस. पिल्लाच्या अंगावर जॅकेट असलं की लोक हात लावायला धावत येतात, आणि त्याला कामाची सवय लागायची तर परक्यांनी लाड करून चालत नाही. रोज दहा जणांना हसून "प्लीज, आत्ता नको" म्हणावं लागायचं. सहा महिन्यांनी मॅनेजरला पण तसंच म्हटलं, रविवारच्या कॉलबद्दल, आणि आकाश कोसळलं नाही. दुकानात पण आधी विचारावं लागतं, कारण 1990 च्या कायद्यानं पूर्ण तयार झालेल्या कुत्र्याला सगळीकडं प्रवेश आहे पण शिकाऊ पिल्लाचं राज्याराज्यावर आहे. म्हणजे अनोळखी माणसाशी बोलणं आलंच. आठ वर्षं या गावात राहून जेवढी माणसं ओळखत नव्हतो तेवढी त्या एका वर्षात झाली.

दुसरं म्हणजे ओरडणं गेलं. या पिल्लांना चुकलं म्हणून रागवायचं नसतं, बरोबर केलं की लगेच खाऊ आणि कौतुक. ते करता करता एक दिवस लक्षात आलं की मुलाला गणित शिकवताना पण मी तसंच बोलतोय. मुलानं विचारलं, "बाबा, मला पण बिस्किट देणार का?"

वेळ मात्र भरपूर जातो, शनिवार-रविवारचं काम नाही हे. पहिले दोन महिने रात्री उठावं लागतं, नंतर रोज दोन वेळा फिरवणं, बर्फ असला तरी, शिवाय महिन्यातून क्लास. आणि देताना त्रास होतो तो होतोच. पट्टा ट्रेनरच्या हातात दिला आणि परत येताना गाडीत दोघं एक शब्द बोललो नाही, हिनं त्याचं पाण्याचं भांडं पंधरा दिवस उचललं नव्हतं. नापास झालेला विजेच्या कडकडाटाला घाबरतो. असली कुत्री बऱ्याचदा सांभाळणाऱ्यालाच आधी विचारतात, ठेवून घेता का म्हणून. आम्ही फोन ठेवायच्या आत हो म्हटलं.

---

पेठेतला_गडी

भावा लई भारी लिवलंयस. आमचं कुत्र्याचं न्हाय, पुराचं.

2019 च्या ऑगस्टला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 55 फुटांच्या पुढं गेलती, धोक्याची पातळी 43. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली, गावात पेट्रोल न्हाय, दूध न्हाय. तालमीतली पोरं म्हणून आम्ही गेलतो, पहिल्या दिवशी खरं सांगायचं तर बघायलाच गेलतो. मग एका आज्जीला पाठीवर घेऊन बाहेर काढलं आणि मग आठ दिवस घरीच गेलो न्हाय, एका शाळेच्या हॉलमध्ये जेवणाचं बघायला लागलो.

फायदा इचारताय तर ऐका. मी त्या टायमाला बीकॉम होऊन दोन वर्षं बसून हुतो. घरात बापाचं तोंड चुकवायचं, कट्ट्यावर बसायचं आणि मावा खायचा. त्या हॉलमध्ये 300 माणसांचा भात किती, डाळ किती, गॅस किती पुरतोय, कुठल्या आज्जीला शुगरची गोळी पायजे, ह्याची वही मी ठेवली. कुणी नेमलं न्हवतं, वही रिकामी पडलीती म्हणून घेतली. पुढं एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं इंटरव्ह्यूला अनुभव काय इचारल्यावर ती वहीच दाखवली. लागलो की कामाला. आणि बापानं चारचौघांत "आमचा पोरगा" म्हटलं त्याचं काय मोजायचं सांगा.

वैताग पण सांगतो. जुन्या कपड्यांचा ढीग आलता, त्यात फाटक्या साड्या आणि लग्नातले कोट! तो निवडायलाच चार माणसं अडकली. आणि फोटो काढून जाणारे. एक पाकीट द्यायला सात जण, हात सगळ्यांचे पाकिटाला. असल्यांना काय मिळतं मला म्हाईत न्हाय, लाइक मिळत असतील.

---

उगाच_शंका

सगळं छान आहे, पण मूळ प्रश्नच खटकतोय. स्वतःचा फायदा बघून केलेली सेवा ही सेवा कशी? मग जिम लावा की.

---

मानसशास्त्र_एमए

@उगाच_शंका, गंमत म्हणजे यावर अभ्यास झालाय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात 1957 साली हायस्कूल पास झालेल्या लोकांचा कित्येक वर्षं पाठपुरावा केला जातोय. त्यांना 2004 मध्ये विचारलं की सेवाकाम का करता, आणि 2008 पर्यंत कोण हयात आहे ते बघितलं. जे मुख्यतः दुसऱ्यांसाठी करत होते त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी, आणि जे मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी करत होते त्यांचं आणि काहीच न करणाऱ्यांचं जवळपास सारखंच.

पण यात एक मेख आहे, मुळात धडधाकट माणूसच बाहेर पडून काम करतो, त्यामुळे कशामुळे काय झालं हे सांगणं अवघड. म्हणून मला 2013 चा कॅनडाचा अभ्यास जास्त पटतो. दहावीतली 106 मुलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एका गटानं दोन महिने आठवड्यातून एकदा लहान मुलांना शिकवलं आणि दुसरा गट थांबला. शेवटी शिकवणाऱ्या गटाचं कोलेस्टेरॉल आणि शरीरातली सूज दाखवणारे आकडे कमी होते. एवढ्याशा कामानं!

झुळूकताई, त्यामुळे फायद्याचा विचार मनात आला तर आला, लाजू नका. फक्त एकदा गेलात की तिथलं माणूस बघा, स्वतःची नाडी बघत बसू नका.

---

निवृत्त_बाई

मी शाळेत मराठी शिकवायचे, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मिस्टर गेल्यावर मुलगा म्हणाला बंगलोरला चल, नाही गेले. आठ-आठ दिवस फक्त दूधवाल्याशी बोलणं व्हायचं. एकदा बहिणीचा फोन आला तर आवाजच फुटेना, घसा धरल्यासारखा झालेला, ती म्हणाली सर्दी झालीय का गं?

मग एका ओळखीनं अंध मुलांसाठी वाचायला जायला लागले. मला वाटलेलं मी परीक्षेत त्यांची लेखनिक होणार, पण नियम असा की लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, मी तर बीएड! म्हणून मी मुलांना धडे वाचून दाखवते आणि नववीतल्या मुलींना लेखनिक म्हणून तयार करते. सांगतील तेच लिहायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही, आणि अशा परीक्षार्थींना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात म्हणून घाईही करायची नाही.

पहिल्या दिवशी मी अगदी हावभावासकट कविता वाचली. ऐकणारा मुलगा शांतपणे म्हणाला, "बाई, अभिनय नको, स्वल्पविराम कुठंय ते सांगा." 32 वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं सुनावलं नव्हतं! घरी येऊन एकटीच हसत बसले.

मंगळवार आणि शुक्रवार, दीड-दीड तास. मला काय मिळालं, तर आठवड्याला दोन दिवस इस्त्रीची साडी नेसावी लागते. तुला लहान गोष्ट वाटेल बाळा, पण इस्त्रीची साडी नेसायची म्हणून आदल्या दिवशी कपडे बाहेर काढावे लागतात, म्हणजे उद्या आहे हे आदल्या दिवशीच कळतं.

---

भूभू_काकू

कुत्र्यांचा विषय निघालाय तर मला राहवेना. झुळूक, तुझ्या बहिणीसारखं इथं करायचं म्हटलं तर अवघड. आपल्या फुटपाथवर मोटरसायकली लावलेल्या आणि गल्लीत सात-आठ भटकी कुत्री टपून, त्यातनं मार्गदर्शक कुत्रं काढायचं म्हणजे त्याचीच परीक्षा. पण पिल्लू सांभाळून दुसऱ्याला द्यायचं तेच काम आपल्याकडं रस्त्यावरच्या पिल्लांचं आहे. आई गाडीखाली गेलेली, गटारीत सापडलेली, अशी पिल्लं घर मिळेपर्यंत काही आठवडे ठेवायची. आत्तापर्यंत 14 झाली माझी. त्यातली दोन द्यायला जीवच झाला नाही, म्हणून घरात आहेत, हा माझा नापासपणा.

जमणार असेल तर आधी ऐकून ठेव. गाईचं दूध देऊ नको, जुलाब लागतात. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांनी परत, रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. पार्व्हो म्हणून एक रोग आहे, चांगलं खेळणारं पिल्लू दोन दिवसांत जातं, माझी तीन गेली आहेत, ते पण धरून चाल. आणि पिल्लू आणायच्या आधी तू स्वतः रेबीजची लस घे, पहिल्या दिवशी, सातव्या आणि 21 किंवा 28 व्या. तरी चावलं तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि मग डॉक्टर.

माझा फायदा सांगू? सासूबाई. 20 वर्षं आमचं जेवढ्यास तेवढं. त्यांना कुत्री आवडायची नाहीत. मग एका पिल्लाला दर दोन तासांनी ड्रॉपरनं पाजायचं होतं आणि मी दुकानात, तर त्यांनी काही न बोलता घड्याळाला गजर लावला. आता गिऱ्हाईक पिल्लू न्यायला आलं की मुलाखत त्या घेतात, "गच्चीवर बांधणार का? मग नाही मिळणार." मी नुसती चहा करते.

---

रंकाळ्याची_झुळूक

सगळ्यांना थँक्यू, जेवताना आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. पेठेतल्या गड्याच्या वहीपाशी ती म्हणाली "शहाणं पोरगं हाय". इस्त्रीच्या साडीपाशी काहीच बोलली नाही, उठून ताटं उचलायला लागली. (बाबा जाऊन तीन वर्षं झालीत.)

निवृत्त बाई, तुम्हाला मेसेज केलाय. मी वाचू शकते, शनिवारी, शिवाय रेकॉर्डिंगचं मला जमतं, ऑफिसचा माइक आहे. आणि विचारायचं होतं की दोघी आलो तर चालेल का. आईचं सातवीपर्यंतच झालंय, पण पेपर रोज मोठ्यानं वाचते, सगळ्या गल्लीला ऐकू जातो.

@भूभू_काकू, पिल्लाचं एवढ्यात नको, पण त्या लसीचं उद्या विचारून ठेवते.

---

निवृत्त_बाई

चालेल की. स्वल्पविराम सांभाळायला सांग आईला. शनिवारी साडेदहाला या, पत्ता मेसेजमध्ये दिलाय.