खपली गव्हाच्या दळणाला जादा पैसे घ्यावेत का?

तासगावचा गिरणीवाला
माझी 10 एचपीची पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळची. पूर्वी खपली उन्हाळ्यात शेवयांचा रवा काढायला यायची, तेवढीच. आता शुगरवाली मंडळी पोळ्यांसाठीही खपलीच दळून नेतात. साध्या लोकवन गव्हाचा 10 किलोचा डबा 6 मिनिटांत उतरतो, खपलीला 8 लागतात आणि पीठ चांगलंच तापतं. दाणा जरा जास्त सोडला की मोटर कण्हायला लागते. म्हणून किलोला 1 रुपया जादा लावला. तर एक मावशी भर गिरणीत म्हणाल्या, "वजन तेवढंच, दगड तेच, मग पैसे कसले जास्त?" मला उत्तर सुचेना. कारण अँपिअरचा काटा दोन्ही वेळा 12 वरच असतो! दगडांना टाकी लावून पंधरा दिवसच झालेत, तेव्हा दगड बोथट झालेत म्हणू नका.

निवृत्त मास्तर
काटा 12 वर राहतो कारण तो तुम्हीच तिथे ठेवता. मोटर कण्हली की तुमचा हात दाणा कमी करतो. जोर तेवढाच, वेळ जास्त. 6 ची 8 मिनिटं झाली म्हणजे वीज एक तृतीयांश जादा गेली.
गव्हाच्या दाण्यात स्टार्चचे कण प्रथिनाच्या गाऱ्यात बसवलेले असतात, भिंतीतल्या विटांसारखे. प्युरोइंडोलिन नावाची प्रथिनं या विटांना गारा घट्ट धरू देत नाहीत, म्हणून दाणा सांध्यातून सुटतो. त्यांची जनुकं गव्हाच्या 'डी' गुणसूत्रसंचात असतात. साध्या गव्हात तो संच असतो (तिथेही प्रत्येक वाणात ही प्रथिनं सारखं काम करत नाहीत). खपलीत आणि बन्सी गव्हात तो संचच नाही. सांधा सुटत नाही, मग वीटच फुटते. अशा फुटलेल्या स्टार्चचं पीठ पाणीही जास्त पितं. खपलीची कणीक भिजवणाऱ्यांना विचारा.

गुहागरची सुगरण
आम्ही गणपतीत मोदकांचे तांदूळ धुऊन, सावलीत सुकवून दळायला नेतो. गिरणीवाले काका म्हणतात, हे तांदूळ भराभर दळले जातात. मग खपलीला आदल्या रात्री पाण्याचा हात लावला तर?

निवृत्त मास्तर
नको हो ताई! तांदूळ मऊ होत नाही, तडकतो. पाणी लागल्यावर बाहेरचा थर फुगतो, आतला कोरडाच असतो, त्या ओढाताणीत आडव्या चिरा पडतात. परत सुकवल्यावर गिरणीला अर्धं काम झालेलंच मिळतं.
ओलसर गहू दाताखाली लवकर दबतो म्हणून आपण त्याला मऊ म्हणतो. पण तो तुटायच्या आधी खूप चेपतो, आणि त्या चेपण्यात गेलेली ताकद उष्णता होऊन पिठात उतरते. कोरडा दाणा कडक लागतो, पण थोडंसं दाबलं की फुटतो. म्हणूनच भाजणी हलकी दळली जाते. मोठ्या रोलर मिलमध्ये गव्हाला मुद्दाम पाणी देऊन 15-16 टक्के ओलाव्यावर आणतात, पण त्यांना कोंडा चिवट करून अखंड सोलायचा असतो. तुम्हाला तो पिठातच दळायचाय. खपली उन्हात वाळवून आणायला सांगा, पावसाळ्यात तर नक्कीच.

वायरमन
दादा, अँपिअरवर बिल काढू नका. पट्टा रिकामा फिरतानाही काटा 5-6 दाखवतो, त्यातला बराचसा करंट नुसता मोटरच्या चुंबकासाठी असतो. 50-50 किलो दळा आणि मीटरची युनिटं लिहून ठेवा. बारीकपणा मात्र दोन्हींना तोच ठेवा. दगड जरा जवळ आणलात की युनिटं वाढलीच समजा.

तासगावचा गिरणीवाला
काल केलं. लोकवन 50 किलोला साडेतीन युनिटं, खपलीला पावणेपाच. सव्वा युनिटचा फरक. युनिटला 8 रुपये धरले तर 50 किलोमागे 10 रुपये, म्हणजे किलोला 20 पैसे. आणि मी घेत होतो रुपया! बाकी जादा वेळ आणि दगडांची झीज मोजली तरी रुपया जास्तच होता. आता 10 किलोच्या डब्याला 5 रुपये जादा, बस्स. मावशींना वहीतले आकडे दाखवले. त्यांनी नीट वाचले आणि म्हणाल्या, "मग भाजणी हलकी जाते म्हणतोस, तर तिचे जादा का घेतोस?"
भाजणीनंतर दगड पुसायला किती वेळ जातो, ते आता त्यांना कसं सांगू?