विषय: भिंतीला बुरशी, नोटीस संपायच्या आधी घर सोडायचंय – कोणी यातून गेलंय का?

जर्मनीतल्या बोब्लिंगनहून, रविवार २३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

गणपतीत आरतीच्या वेळी जिचा खोकला थांबत नव्हता ती माझी लेक, साडेतीन वर्षांची. तेव्हा सगळे म्हणाले किटाला, म्हणजे इथल्या बालवाडीला, नवीन जायला लागली की मुलं वर्षभर आजारी असतातच, आणि मीही तेच धरून चालले होते. आता मला तसं वाटत नाहीये.

परवा दिवाळीचं सामान परत वर ठेवायला म्हणून तिच्या खोलीतलं कपाट थोडं पुढे ओढलं तर मागची भिंत काळी. खालच्या कोपऱ्यापासून माझ्या कमरेपर्यंत नुसते ठिपके, आणि बोट लावलं तर वॉलपेपर भिजलेल्या पापडासारखा सुटून हातात आला. कपाटाच्या फळीला मागून राखाडी लव आलीय. खालच्या खणात आईने डोहाळजेवणाला दिलेली हिरवी साडी होती, तिच्या काठावर पण डाग पडलेत. साडीचं जाऊ दे, पण पोरगी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर सात महिने झोपत होती आणि मला पत्ता नाही, हे मनातून जातच नाहीये.

घरमालकाला ऑक्टोबरमध्येच व्हॉट्सॲप केलं होतं की खिडकीच्या बाजूला ओल दिसतेय, तेव्हा उत्तर नाही. आता फोटो पाठवल्यावर उत्तर आलं की तुम्ही रोज भात डाळ शिजवता, कपडे घरात वाळत घालता, खिडक्या उघडत नाही, बुरशी तुमच्यामुळेच आहे आणि रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार. मी दिवसातून तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडते हो, थंडीत पोरीला स्वेटर घालून.

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाचं झिंडेलफिंगनचं घर रिकामं होतंय, १ जानेवारीपासून मिळेल, वॉर्म भाडं (हीटिंग-पाणी धरून) १३१० युरो. आमचं आत्ताचं कोल्ड (नुसतं घराचं) ९८०, वॉर्म १२४०, डिपॉझिट २९४०. करारात तीन महिन्यांची नोटीस आहे. दोन्ही भाडी धरली तर महिन्याला अडीच हजाराच्या वर जातात, ते झेपणार नाही. नवरा म्हणतो डिसेंबरअखेर सामान हलवू, किल्ल्या मालकाच्या पत्रपेटीत टाकू, पुढचं भाडं द्यायचंच नाही, डिपॉझिट घे म्हणावं. असं चालतं का? आणि तीन नवे भाडेकरू शोधून दिले की मालकाला आपल्याला सोडावंच लागतं असं ऐकलंय, ते खरं आहे का?

फायहिंगनहून, त्याच संध्याकाळी

किल्ल्या टाकून जाऊ नका. मी तेच केलं होतं, इथे नवा होतो तेव्हा, बाथरूमच्या छतातून पाणी गळत होतं आणि कोणी बघायला येत नव्हतं, वैतागून निघून गेलो. चार महिन्यांनी पोस्टातून पिवळं पाकीट आलं, कोर्टाचं. नोटीसच्या काळातलं सगळं भाडं मागितलं होतं आणि हरकत घ्यायला दोन आठवडे. माझ्याकडे गळतीचा एक फोटो नव्हता, एक पत्र नव्हतं. सगळं तोंडी. भरले पैसे. तुमच्या मिस्टरांना माझा नंबर आपल्या मराठी मंडळाच्या यादीतून घ्यायला सांगा, मी बोलतो त्यांच्याशी.

लुडविग्सबुर्गहून, सोमवार २४ नोव्हेंबर

अगं, आधी एक कर, पोरीचा पलंग आजच तुमच्या खोलीत हलव आणि त्या खोलीचं दार बंद ठेव. बाकी सगळं त्यानंतर.

आम्ही २०१९ मध्ये याच चक्रातून गेलोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, वाचून घे आणि नवऱ्यालाही वाचायला दे. फायहिंगनचे काका म्हणतात ते अगदी खरं आहे, घर कितीही वाईट असलं तरी नुसतं निघून गेल्याने करार संपत नाही, भाडं चालूच राहतं. पण म्हणून मुकाट तीन महिने बसायचं असंही नाही.

पहिलं काम साध्या नोटिशीचं, आणि ते घाईचं आहे. भाडेकरूची नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तर तो महिना धरला जातो. १ डिसेंबर सोमवार आहे, म्हणजे बुधवार ३ तारखेपर्यंत पोचली तर करार २८ फेब्रुवारीला संपतो, गुरुवारी पोचली तर थेट मार्चअखेर. एका दिवसाने १२४० युरो जातात बघ. पत्र कागदावरच हवं, पेनाने सही केलेलं, आणि करारावर दोघांची नावं असतील तर दोघांची सही. व्हॉट्सॲप नाही, ईमेल नाही, स्कॅन नाही, त्याला इथे नोटीस मानतच नाहीत. आम्ही पत्र शेजारणीसमोर पाकिटात घातलं, तिलाच बरोबर नेऊन मालकाच्या पेटीत टाकलं आणि तिच्याकडून तारीख वेळ लिहून घेतली. हे पत्र म्हणजे मोठी लढाई नाही, पण बाकी काहीही झालं तरी फेब्रुवारीनंतर तुम्ही मोकळे आहात हे पक्कं होतं.

दुसरं पत्र वेगळं, दोषाच्या लेखी तक्रारीचं, मेंगलआनत्साइगं म्हणतात त्याला. त्यात कुठली खोली, कुठली भिंत, किती बाय किती सेंटीमीटर, ऑक्टोबरमध्ये कधी सांगितलं होतं, सगळं लिही आणि नुसता रंग नको, ओल कुठून येतेय ते शोधून दुरुस्त करा असं स्पष्ट लिही. आणि शेवटी तारीख दे, दोन आठवड्यांची. ही तारीखच सगळ्यात महत्त्वाची. कायद्यात कलम ५६९ आहे, घरामुळे तब्येतीला मोठा धोका असेल तर भाडेकरू मुदत न पाळता, म्हणजे फ्रिस्टलोस, करार तोडू शकतो. ते वाचून बरेच जण लगेच निघतात आणि तिथेच फसतात, कारण कार्ल्सरूहेच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने २००७ मध्ये सांगितलंय की तब्येतीचा धोका असला तरी साधारणपणे आधी मालकाला मुदत देऊन दुरुस्तीची संधी द्यावीच लागते. मुदत गेली, काही झालं नाही, मग तोडायचं, आणि त्या पत्रात कारण लिहायलाच हवं. आमच्या वकीलबाईंनी त्यात एक वाक्य घातलं होतं, फ्रिस्टलोस आणि हिल्फ्सवाइझं साध्या मुदतीने, म्हणजे कोर्टाने पहिलं नाही मानलं तरी दुसरं उभं राहतं. तुझी साधी नोटीस आधीच गेलेली असेल तर उत्तमच.

पण खोटी आशा लावत नाही मी. एका खोलीत बुरशी दिसली म्हणजे कोर्ट तब्येतीचा धोका मानेलच असं नाही, त्याला डॉक्टरांचं काहीतरी लागतं, बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवालही. बालरोगतज्ज्ञांकडे जा, फोटो दाखव, आणि त्यांना जे वाटतं तेवढंच लिहून द्या म्हण.

भाडं थांबवू नका, प्लीज. दोषामुळे भाडं कमी होतं हे खरंय, कलम ५३६ प्रमाणे ते आपोआप होतं, पण किती टक्के यावरच सगळी भांडणं होतात. तुम्ही मनाने जास्त कापलं आणि थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याएवढी झाली तर मालकालाच तुम्हाला तडकाफडकी काढता येतं. म्हणून पूर्ण भरा आणि बँक ट्रान्सफरच्या मजकुरात उंटर फोरबेहाल्ट लिहा, म्हणजे हक्क राखून भरतोय, जास्तीचं पुढे परत मागता येतं.

आता भात डाळीचं. हे ऐकून माझं रक्त उसळतं, कारण आम्हालाही हेच ऐकवलं होतं, कुकरच्या शिट्टीचा आवाज वरपर्यंत येतो म्हणे. वाफ सगळ्यांच्याच घरात होते, अंघोळीने होते, झोपेत श्वासाने होते. प्रश्न भिंत किती गार पडते हा आहे. खोलीत २० डिग्री आणि ५० टक्के आर्द्रता असेल आणि भिंतीचा पृष्ठभाग १२.६ डिग्रीच्या खाली जात असेल तर तिथे बुरशी धरू शकते, पाणी ठिबकायचीही गरज नाही. म्हणून आजच हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजतो तो) आण, दहा पंधरा युरोत मिळतो, आणि रोज सकाळ संध्याकाळ आकडा लिहून ठेव, खिडकी कधी उघडली तेही. कोर्टात आधी मालकाला दाखवावं लागतं की चूक इमारतीत नाही, त्यानंतर प्रश्न येतो तुमच्या वागण्याचा. तेव्हा ही वही कामाला येते. एक गोष्ट मात्र तुझ्या विरुद्ध जाऊ शकते ती आत्ताच सांगते: २०१८ मध्ये कार्ल्सरूहेच्या त्याच कोर्टाने म्हटलंय की जुनी इमारत तिच्या काळच्या नियमाप्रमाणे बांधली असेल तर नुसती गार भिंत आणि बुरशीची शक्यता हा दोष धरला जात नाही. म्हणजे इमारत जुनी आहे एवढ्यावर भागणार नाही, ओल कशाने हे शोधायला हवं.

भिंत पुसू नकोस अजून, आधी पट्टी धरून फोटो काढ.

आणि तीन भाडेकरूंची गोष्ट खरी नाही, करारात तसं कलम असेल तरच. पण चांगला नाखमीटर, म्हणजे आपल्या जागी येणारा भाडेकरू, हातात असेल तर मालक आपणहून ऐकतो, तेव्हा दोघांच्या सहीने करार लवकर संपवता येतो. आमचा तसाच संपला. मात्र बुरशीचं लपवून कोणाला तिथे आणू नकोस, आपल्यातला असो की नसो.

उद्याच मीटरफेराइनचे, म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेचे, सभासद व्हा. वर्षाची फी भरली की वकिलाचा सल्ला मिळतो, पत्रंही तेच तपासून देतात. कोर्टखर्चाच्या विम्याला थांबावं लागतं, सल्ल्याला नाही.

झिंडेलफिंगनहून, सोमवार रात्री

वहिनी, मी बांधकामातला आहे. ती भिंत बाहेरची आहे ना? पाऊस असताना खाली उतरून बाहेरून बघा, छताच्या पन्हळीचा पाइप त्याच बाजूने येतो का, आणि त्याच्या सांध्यापाशी भिंतीवर हिरवट पट्टा दिसतो का. नुसत्या वाफेची बुरशी बहुतेक कोपऱ्यात, कपाटामागे, खिडकीच्या कडेला धरते. पण इथे वॉलपेपर असा ओला होऊन सुटतोय म्हणजे मला बाहेरच्या पाण्याचा संशय आहे. शनिवारी मी येऊ शकतो, ओलावा मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे.

बोब्लिंगनहून, मंगळवार १६ डिसेंबर

सगळ्यांना सांगायचं राहिलं म्हणून लिहितेय.

झिंडेलफिंगनचे दादा शनिवारी आले, पाऊस चालूच होता. पाइपचा सांधा पहिल्या मजल्याच्या उंचीवर निखळलाय, पाणी पाइपातून न जाता भिंतीवरूनच उतरतं, आणि खाली मनगटाएवढा रुंद हिरवा पट्टा, शेवाळ. आतल्या बाजूला नेमकी लेकीची खोली. मी तिथे छत्री घेऊन उभी होते आणि रडूच आलं, इतके दिवस मी स्वतःलाच दोष देत होते की कुकर जास्त लावते, कपडे आत वाळत घालते.

साधी नोटीस १ डिसेंबरला काकांना साक्षीला घेऊन पेटीत टाकली. तक्रारीचं पत्र मीटरफेराइनच्या वकिलांनी नीट करून दिलं, पाइपचा फोटो जोडला, मुदत १५ तारखेची दिली. त्या आधी हाउसमाइस्टर (इमारतीची देखभाल बघणारा) आला, त्याने फवारा मारला आणि वर पांढरा रंग फासून गेला, पाइपला हात नाही लावला. आठ दिवसांत रंगातून पिवळे डाग वर आले. काल मुदत संपली. डॉक्टरांनी लिहून दिलंय की बुरशी असलेल्या खोलीत मुलीला झोपवू नये, खोकला त्यानेच झालाय असं त्या म्हणत नाहीत आणि आम्हीही तसं लिहिलेलं नाही. हायग्रोमीटरची वही रोज चालू आहे, ताई, बहुतेक दिवस आर्द्रता ४५ ते ५२ टक्क्यांच्या मधे आहे.

वकील म्हणाले फ्रिस्टलोसचं पत्र तयार ठेवू पण आधी मालकाला फोन करू, कोर्टात गेलं की तज्ज्ञ येणार आणि वेळ दोघांचाही जाणार. वाट बघतोय. नवं घर १५ जानेवारीपासून घेतलं, त्या घरमालकीण बाईंनी ऐकून घेतलं, देव त्यांचं भलं करो.

बोब्लिंगनहून नव्हे, आता झिंडेलफिंगनहून, रविवार १ फेब्रुवारी २०२६

झालं एकदाचं. दोघांच्या सहीने करार ३१ जानेवारीला संपला. रंगाचे पैसे कापणार नाही हे मालकाने लेखी दिलं, फक्त हीटिंग पाण्याच्या वार्षिक हिशोबासाठी ३०० युरो तूर्त ठेवले आणि बाकीचं डिपॉझिट चार आठवड्यांत द्यायचं ठरलं. भाड्यातली सूट आम्ही सोडली, भांडायची ताकद नव्हती राहिली. दोन आठवड्यांचं दुहेरी भाडं गेलं, दोन महिन्यांचं जाणार होतं. किल्ल्या हातात दिल्या, काका साक्षीला होते, प्रत्येक खोलीचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढले, ताबा पत्रकावर सह्या झाल्या आणि त्यात लेकीच्या खोलीतली भिंत "बाहेरून ओली" अशी लिहून घेतली. पाइप अजून तसाच आहे. पुढे तिथे राहायला येणाऱ्यांना विचारायचं असेल तर माझा नंबर द्या, मी सगळं सांगीन.

साडी आईला व्हिडिओवर दाखवली, ती म्हणाली काठ काढून पोरीला परकर शिवू. हायग्रोमीटर माझ्याकडे दोन झालेत, एक संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रविवारी घेऊन येते, ज्यांना हवा असेल त्यांनी तिथेच घ्या.