मदत हवी आहे: म्युनिकहून शनिवार-रविवारची भटकंती

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारातली. जून ते ऑगस्ट म्युनिकला इंटर्नशिप आहे. सोमवार ते शुक्रवार काम, म्हणजे हिंडायला फक्त शनिवार-रविवार.

डॉइचलँड तिकीट हा मासिक पास घ्यायचं जवळपास ठरलंय. 2023 मध्ये 49 युरोला सुरू झाला होता, आता महागलाय. लोकल आणि रिजनल गाड्यांत चालतो, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. पण थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत चालतो, हे कळल्यावर मी खूश! घोडं अडलंय ते सबस्क्रिप्शनवर. पुढच्या महिन्याचा नको असेल तर 10 तारखेपर्यंत रद्द करावा लागतो. भारतातल्या बँकेच्या कार्डावर कुणी घेतलाय का? की दोघीतिघींनी मिळून त्या-त्या दिवसाचं बायर्न (म्हणजे बव्हेरिया राज्याचं) तिकीट काढणं परवडतं?

दुसरं म्हणजे नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा. फ्युसनपर्यंत रेल्वेने दोनेक तास, पुढे बस, मग चढण. लक्ष्मी विलास पॅलेस बघत मोठी झाल्यामुळे मला राजवाड्यांचं तसं अप्रूप नाही, पण आईला फोटो हवेत. आतलं तिकीट काढावं, की राजवाड्याजवळच्या मारियन पुलावरून बघितलं तरी भागतं? शनिवारी गर्दी फार असते का?

रविवारी तिथे दुकानं बंद, त्यामुळे किराणा कधी भरता तेही सांगा. मी शाकाहारी आहे आणि थेपले काही ऑगस्टपर्यंत पुरणार नाहीत. डोंगरातल्या गावांत ब्रेड-चीजशिवाय काय मिळतं?