शब्दचर्चा : 'राखीव कमांडो' म्हणजे नेमके कोण?

अर्धविराम :
लष्करी इतिहासाच्या एका मजकुराचं भाषांतर करतोय. विषय आहे ऑस्ट्रेलियाची पहिली कमांडो रेजिमेंट. ती 'आर्मी रिझर्व्ह'मध्ये मोडते, म्हणून मी सरळ 'राखीव कमांडो दल' असं लिहून मोकळा झालो. घरी वाचायला दिलं तर पहिलाच प्रश्न आला, "म्हणजे खरे कमांडो दमले की यांना पाठवतात का?" तेव्हापासून 'राखीव' शब्द खुपतोय. दुसरं काही सुचतंय का?

वेलांटी :
प्रश्न रास्त आहे. कोरणे-कोरीव, आखणे-आखीव, तसं राखणे-राखीव. राखून ठेवलेलं ते राखीव : राखीव निधी, राखीव जंगल, राखीव जागा. राखीव खेळाडू म्हटलं की तंबूत बसून पाणी नेऊन देणारा डोळ्यांपुढे येतो. युद्धवर्णनात 'राखीव फौज' म्हणजे लढाई ऐन रंगात येईपर्यंत मागे थोपवून धरलेली तुकडी. पण ती पूर्णवेळ शिपायांचीच असते. शिवाय आपल्याकडे 'राज्य राखीव पोलीस दल' आहे, आणि त्यातले जवानही पूर्ण नोकरीतलेच.

तुमच्या मजकुरातला 'रिझर्व्ह' यांपैकी कशातच बसत नाही. तिथे माणूस एरवी सुतार, शिक्षक किंवा वकील असतो आणि ठरलेल्या दिवसांपुरता सैनिक. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द आहे म्हणून आपणही एकच वापरायचा, ही जुनी खोड.

खंदक :
थोडा इतिहास घालतो, शब्द निवडायला उपयोगी पडेल.

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने १९४१ पासून 'इंडिपेंडंट कंपन्या' उभ्या केल्या. त्यांतली एक १९४२ मध्ये जपान्यांनी तिमोर घेतल्यावरही डोंगरात राहून लढत होती. पुढे १९४३ मध्ये या कंपन्यांना 'कमांडो स्क्वाड्रन' नाव मिळालं आणि युद्ध संपल्यावर सगळ्या मोडल्या. १९५५ मध्ये कमांडो पुन्हा उभे राहिले ते कायम सैन्यात नव्हे, तर 'सिटिझन मिलिटरी फोर्सेस'मध्ये, म्हणजे नागरिकांच्या अर्धवेळ सेनेत. पहिली कमांडो कंपनी सिडनीला, दुसरी मेलबर्नला. शिकवायला मोजके कायम सैनिक, बाकी सगळे नोकरी-धंदा सांभाळून येणारे. ऑस्ट्रेलियाच्या एसएएसची ('स्पेशल एअर सर्व्हिस' या पूर्णवेळ खास दलाची) पहिली कंपनी निघाली १९५७ मध्ये, म्हणजे या अर्धवेळ मंडळींनंतर दोन वर्षांनी! 'खरे आधी, राखीव नंतर' असा क्रम आपण मनात धरतो, तो इथे साफ उलटा आहे.

१९८१ मध्ये दोन्ही कंपन्या, मुख्यालय आणि एक सिग्नल (संदेशवहन) स्क्वाड्रन मिळून रेजिमेंट झाली. पूर्णवेळ कमांडो बटालियन घडवायला सुरुवात झाली ती १९९७ मध्ये, तीही आधीच्या एका पायदळ बटालियनला वळण देऊन. २००९ पासून तिला 'दुसरी कमांडो रेजिमेंट' म्हणतात. क्रमांक बघा : पहिली अर्धवेळ, दुसरी पूर्णवेळ.

अर्धविराम :
हे माहीत नव्हतं. पण प्रशिक्षण तरी हलकं असेल ना? आठवड्यातली एक संध्याकाळ आणि अधूनमधून शनिवार-रविवार, एवढ्यात कमांडो कसा होणार?

खंदक :
हलकं नाही, लांबलेलं. पूर्णवेळवाला जे सलग करतो, ते यांना तुकड्या-तुकड्यांनी करावं लागतं, म्हणून कमांडोची खूण असलेली हिरवी टोपी मिळायला जास्त काळ जातो. पॅराशूट, लहान होड्या, समुद्रातून किनाऱ्यावर उतरणं हे कुणालाच माफ नाही.

समुद्र तर अर्धवेळ-पूर्णवेळ ओळखत नाही. १७ फेब्रुवारी १९६० रोजी मेलबर्नच्या कंपनीचा सराव पोर्ट फिलिप उपसागराच्या तोंडाशी चालू होता. त्या अरुंद वाटेला 'द रिप' म्हणतात, ओहोटीचं पाणी तिथून भयानक ओढीने बाहेर पडतं. होड्या उघड्या समुद्राकडे खेचल्या गेल्या आणि तिघे दगावले. शांततेच्या काळात, सरावात.

आणि अफगाणिस्तान. २००८-०९ मध्ये याच रेजिमेंटची तुकडी उरुझगान प्रांतात प्रत्यक्ष लढाईवर होती. फेब्रुवारी २००९ मधल्या रात्रीच्या एका छाप्यात लहान मुलांसह गावकरी मारले गेले. काही सैनिकांवर आरोप ठेवले गेले, ते २०११ मध्ये रद्द झाले. त्या प्रकरणाबद्दल काय वाटायचं ते वाटो, पण 'राखीव' ऐकून डोळ्यांपुढे येणारा बाकावरचा गडी हा नव्हे, एवढं नक्की.

जुनीबखर :
सगळे 'राखीव'च्या मागे लागलात, गंमत तर 'कमांडो'त आहे. कोशात मूळ पोर्तुगीज 'कोमांदो' सापडतं, हुकूम या अर्थाचं. दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांच्या, म्हणजे तिथे वसलेल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांच्या, भाषेत त्याचा अर्थ झाला जिल्ह्याची नागरिक-फौज. ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट या त्यांच्या राज्यांमध्ये १६ ते ६० वर्षांच्या धडधाकट पुरुषाने बोलावणं येताच स्वतःचा घोडा, बंदूक, ३० काडतुसं आणि शिधा घेऊन हजर व्हायचं. अधिकारी सरकार नेमत नसे, हे लोकच मतं देऊन निवडत. लढाई संपली की परत शेतावर. म्हणजे मूळ कमांडो हा पेशाने सैनिक नव्हताच! 'अर्धवेळ कमांडो' कानाला विचित्र लागतं खरं, पण शब्दाचा जुना अर्थच तो आहे.

इंग्रजांनी हा शब्द १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात मार खाताखाता ऐकला. वार्ताहर म्हणून गेलेले, पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चर्चिल तर १८९९ मध्ये बोअरांच्या कैदेतच पडले होते. १९४० मध्ये छापे घालणाऱ्या नव्या ब्रिटिश तुकड्यांना हे नाव सुचवलं डडली क्लार्क या अधिकाऱ्याने, आणि त्याचा जन्म जोहान्सबर्गचा. दक्षिण आफ्रिकेत मात्र जुना अर्थ टिकून राहिला. तिथल्या ग्रामीण राखीव तुकड्यांना 'कमांडो'च म्हणत. २००३ मध्ये त्या मोडीत काढायचं ठरलं आणि २००८ पर्यंत त्या संपल्या.

मला विचाराल तर बोअर कमांडोला मराठीत शब्द तयार आहे : शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर.

वेलांटी :
शिलेदार घोड्यापुरता जुळतो, पुढे नाही. शिलेदारी हा पेशा होता आणि त्याला मोबदला मिळायचा. बोअर शेतकऱ्यावर ती नागरिक म्हणून सक्ती होती. दसऱ्याला सीमोल्लंघन करून पावसाळ्याच्या तोंडावर नांगराकडे परतणारा आपला शेतकरी-शिपाई त्याच्या जास्त जवळचा. पण त्याला एका शब्दाचं नाव कुठे आहे?

जुनीबखर :
मान्य. पण शिलेदार सोडताना जिवावर येतंय.

वेलांटी :
भाषांतरकारासाठी अजून एक खड्डा. महायुद्धात 'कमांडो' हे आधी अख्ख्या तुकडीचं नाव होतं. एकेक माणूस कमांडो म्हणवला जाऊ लागला तो त्यानंतर. मराठीत आपण फक्त माणूस उचलला : एक कमांडो, चार कमांडो. त्यामुळे 'नंबर ३ कमांडो' नॉर्वेच्या व्हागसोय बेटावर उतरली, हे वाक्य मी 'तीन कमांडो उतरले' असं छापलेलं पाहिलंय. डिसेंबर १९४१ च्या त्या छाप्यात पाचशेच्या वर माणसं होती हो! तेव्हा आकड्याआधी 'क्रमांक' लिहा आणि तुकडी असेल तर स्त्रीलिंगी क्रियापद ठेवा.

खंदक :
ब्रिटनमध्येही असंच नावांचं त्रांगडं आहे. १९४७ मध्ये निघालेली २१ एसएएस अर्धवेळ 'टेरिटोरियल आर्मी'तली, आणि पूर्णवेळ २२ एसएएस तिच्यानंतरची. २०१४ मध्ये तिथे 'टेरिटोरियल आर्मी'चंच नाव बदलून 'आर्मी रिझर्व्ह' केलं. आपण पहिल्याला 'प्रादेशिक सेना' म्हणतो. मग नाव बदलल्याबरोबर तीच माणसं मराठीत 'राखीव' होणार का?

अर्धविराम :
नाही होणार. मी असं ठरवतोय : संस्थेचं नाव म्हणून 'आर्मी रिझर्व्ह' तसंच ठेवतो, पहिल्या उल्लेखात 'नागरी पेशा सांभाळून लष्करी सेवा करणाऱ्यांचं दल' असा खुलासा, आणि पुढे सगळीकडे 'अर्धवेळ कमांडो'. 'स्वयंसेवी' घेणार होतो, पण त्याने बिनपगारी सेवा वाटते, आणि यांना त्या दिवसांचं वेतन मिळतं. नागरी नोकरीही कायद्याने सांभाळली जाते, २००१ चा स्वतंत्र कायदा आहे त्यासाठी.

वेलांटी :
'अर्धवेळ'ला शिकवणी वर्गाचा वास येतो, पण अर्थ चुकत नाही. चालेल. फक्त सामान्यरूप सांभाळा : एक असेल तर 'कमांडोने', अनेक असतील तर 'कमांडोंनी'. तुमच्या पहिल्या खर्ड्यात टिंब दोनदा गळलंय.

जुनीबखर :
आणि बोअरांच्या परिच्छेदात एकदा तरी शिलेदार येऊ द्या. अवतरणात का होईना.