हाताने केलेले दागिने, निमंत्रितांपुरती संध्याकाळ आणि भिडेखातर होणारी खरेदी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली सहा वर्षं मी चांदीची तार, खडे आणि मोती वापरून हाताने दागिने करते आहे. प्रदर्शनांत स्टॉल लावून झाले. तिथे एखादीने कानातलं हातात घेतलं की दोन मिनिटांत मागून धक्का लागतो आणि ती पुढे सरकते. तार कशी वळवली आहे, खडा कसा बसवला आहे हे बघायला तिला सवडच मिळत नाही. म्हणून ठरवलं, मोजक्या जणींना बोलवायचं, नवीन काम आधी त्यांनाच दाखवायचं आणि तिथेच विकायचं.

40 जणींना निमंत्रण दिलं, 26 आल्या. वेळ तीन तासांची होती, पण बहुतेक सगळ्या पहिल्या तासातच आल्या. आरसे दोनच, त्यामुळे आरशापुढे रांग. 11 जणींनी काही ना काही घेतलं. आकडा वाईट नाही, पण एक गोष्ट मला अजून सलते आहे. एका मैत्रिणीने पानाच्या आकाराचे लांब कानातले उचलले, कानाशी धरले, आरशात पाहिलं, हळूच चिठ्ठी उलटून किंमत वाचली आणि मान वर केली तर समोर मी उभी. तिने ते होते तसे ठेवले आणि ट्रेमधली सगळ्यात लहान खड्यांची जोडी उचलून म्हणाली, "ही दे." तिला ती नको होती, हे मला तेव्हाच कळलं. तरी मी तिला थांबवलं नाही. नंतर आम्ही कितीदा तरी भेटलो, ती जोडी तिच्या कानात मला कधी दिसली नाही.

मला अशी विक्री नको आहे. पण विक्री तर हवीच, त्याशिवाय पुढची चांदी येणार नाही. आता दुसरा कार्यक्रम ठरवते आहे, म्हणून विचारते:

निमंत्रण किती जणींना द्यावं, आणि त्यात विक्रीचा उल्लेख कसा करावा? सवलत न देता हे काही खास आहे असं येणारीला वाटावं, यासाठी काय करता येईल? मांडणी आणि उजेडाचं काय? शिवाय एक मैत्रीण म्हणते, "माझ्या घरी ठेव, मी माझ्या ओळखीच्यांना बोलावते." ते करावं का? ज्यांनी असं काही केलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, तुमचा धागा वाचून मला माझे पहिले दोन कार्यक्रम आठवले. मी मण्यांचं आणि धाग्याचं काम करते.

गर्दीचा प्रश्न निमंत्रणाच्या आकड्याने सुटत नाही, वेळा वाटून दिल्याने सुटतो. मी एका वेळेला सहाच जणींना बोलावते, पाऊण तासासाठी. मध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवते, ट्रे पुन्हा लावायला आणि रेंगाळणारीला रेंगाळू द्यायला. तीन तासांत अशा तीन तुकड्या होतात, म्हणजे 18 जणी. तुमच्या 26 पेक्षा कमी, पण प्रत्येकीला आरसा मिळतो आणि तुम्हीही.

निमंत्रणात स्पष्ट लिहा की दागिने विक्रीला आहेत. "नुसतं भेटायला या" असं लिहून टेबलावर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या की माणूस अवघडतो. किंमत साधारण कुठून कुठपर्यंत आहे, तेही आधीच लिहा. ज्यांना परवडणार नाही त्यांना तिथे येऊन चोरून चिठ्ठी उलटावी लागू नये. आणि चिठ्ठी उलटी लावूच नका, आकडा वरच्या बाजूला, वाचता येईल एवढा मोठा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही कुठे असता. टेबलामागे उभ्या राहू नका. बाजूला एक लहान टेबल घ्या, त्यावर पक्कड, तार, चालू असलेलं काम ठेवा आणि बसून खरंच काम करत राहा. ज्यांना विचारायचं आहे त्या तुमच्याकडे येतात, ज्यांना नुसतं बघायचं आहे त्या मोकळेपणाने बघतात. मी हे सुरू केल्यापासून लोक जास्त वेळ थांबतात आणि दागिना हातात घेऊन प्रश्न विचारतात. जंप रिंग (दोन भाग जोडणारी लहान कडी) उघडताना बाजूला का वळवायची, ओढून का नाही, हे एकीला दाखवलं तर तिने घरी जाऊन स्वतःचा जुना हार दुरुस्त केला. पुढच्या वेळी ती बहिणीला घेऊन आली.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी चांदीकाम करतो, म्हणून उजेड आणि मांडणीबद्दल लिहितो.

घरातल्या पिवळ्या दिव्यात चांदी मळकट दिसते आणि निळे-जांभळे खडे काळपट. 4000 ते 5000 केल्विनचे (म्हणजे पिवळट नाही, पांढरट उजेडाचे), सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वर असलेले दिवे घ्या. पैलू पाडलेल्या खड्यांना एका बाजूने येणारा बारीक झोत लागतो, तेव्हा ते चमकतात. मोत्यांना मात्र पसरलेला मऊ उजेड हवा, झोतात त्यांच्यावर नुसता एक पांढरा ठिपका दिसतो आणि आतली झाक हरवते. दोन्ही एकाच टेबलावर ठेवू नका. आरशासमोरचा उजेड चेहऱ्यावर पडू द्या, डोक्यावरून नको. वरून आला तर डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि माणूस दागिन्याऐवजी आपला थकलेला चेहरा बघत राहतो.

ट्रेमध्ये काय अंथरलं आहे तेही पाहा. लोकर, फेल्ट आणि रबर यांतून गंधकाची संयुगं बाहेर पडतात आणि चांदी काळी पडते. मी एकदा लोकरीच्या कापडावर मांडलेला माल तसाच बंद डब्यात ठेवला होता. पुढच्या कार्यक्रमाच्या सकाळी डबा उघडला तर सगळा माल घासायला बसावं लागलं. सुती किंवा लिननचं कापड चांगलं, साठवणीत काळपटपणा रोखणारा कागद ठेवा.

आणि सगळा माल एकदम मांडू नका. एक तृतीयांश बाहेर, बाकी खाली. दोन दागिन्यांमध्ये तळहाताएवढी जागा असली की हात आपोआप एकाकडे जातो.

प्रतिसाद ३

सवलतीबद्दल लिहिते, कारण यात मी स्वतः पोळले आहे. हाताच्या कामात सवलत चांदीतून जात नाही, चांदी तुम्ही भावानेच घेतलेली असते. ती जाते तुमच्या तासांतून. एकदा घड्याळ लावून बघा. मी एका जोडीला तास धरत होते. पॉलिश, हुक वळवणं, टोकं घासून गोल करणं, डबी भरणं सगळं मोजलं तर एक तास पन्नास मिनिटं निघाली. त्यावर पुन्हा वीस टक्के सोडले असते तर काय उरलं असतं?

खास म्हणून द्यायचं ते दुकान देऊ शकत नाही असं असावं, म्हणजे तिथल्या तिथे मापात करून देणं. हाराची लांबी कमी-जास्त करणं, हुक बदलणं, ब्रेसलेट मनगटाला बेतणं. ब्रेसलेटचं एक सांगते, कारण यात चूक हमखास होते. मनगटाच्या मापात सगळ्यांसाठी सारखीच ढील मिळवून चालत नाही, मण्याची जाडी आतली जागा खाते. 10 मि.मी.चे मणी असतील तर ओवलेल्या लांबीपेक्षा आतला घेर साधारण 31 मि.मी.ने कमी भरतो, 4 मि.मी.चे असतील तर साडेबारा. म्हणजे मण्याचा व्यास गुणिले 3.14. हे समोर बसून मोजून दिलं की ते ब्रेसलेट तिचंच होतं.

कानातल्यांबद्दल दोन गोष्टी. टोचलेल्या कानात घालून बघायला देऊ नका. पुठ्ठ्याच्या लहान पट्टीला अडकवून कानाशी धरायला द्या. हुक अल्कोहोलने पुसता येतात, पण ते मोत्यांना लागू देऊ नका, त्यांचा तजेला जातो. आणि हुक कशाचे आहेत ते कार्डावर लिहा. निकेलची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते. युरोपीय संघात तर टोचलेल्या जागी घालायच्या वस्तूंसाठी मर्यादा आहे, दर चौरस सें.मी.ला आठवड्याला 0.2 मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल सुटलं पाहिजे. 925 चांदी म्हणजे 92.5 टक्के चांदी आणि उरलेलं बहुधा तांबं. तुम्ही चांदीचेच हुक वापरत असाल तर तेवढं लिहिलंत तरी कान दुखणाऱ्या बाईचा जीव भांड्यात पडतो.

प्रतिसाद ४

मैत्रिणीच्या घरी ठेवण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. घरगुती पार्टीतून विक्री ही जुनी आणि चालणारी पद्धत आहे. टपरवेअरने 1951 मध्ये दुकानांतून माल काढून घेतला आणि फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला सुरुवात केली, त्यामागे ब्राउनी वाइज या बाई होत्या. ही पद्धत का चालते, याचा अभ्यास जोनाथन फ्रेंझन आणि हॅरी डेव्हिस या संशोधकांनी केला, तो 1990 मध्ये छापून आला. खरेदी होणार की नाही हे वस्तू किती आवडली यापेक्षा यजमानीणबाईशी नातं किती घट्ट आहे यावर जास्त ठरतं, असं त्यात दिसलं.

म्हणजे तुम्हाला जे सलतं आहे, त्यावरच ही पद्धत उभी आहे. रोज लागणाऱ्या डब्यांना ते चालून जातं, भिडेखातर घेतलेला डबाही वापरात येतो. न आवडलेले कानातले मात्र खणातच राहतात, आणि तुमचं काम तर दुसरीने कानात बघून "कुठून घेतलंस?" असं विचारण्यावर वाढतं.

ठेवायचंच असेल तर मैत्रिणीला विक्रीवर टक्केवारी देऊ नका. टक्केवारी आली की ती नकळत आग्रह करते. तिला आधीच एक दागिना द्या, तिने निवडलेला, विक्री कितीही होवो. आणि निमंत्रण तुमच्या नावाने जाऊ दे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४ दोनदा वाचला. मैत्रिणीशी बोलले, दागिन्याचं तिला पटलं, पण यावेळी तरी माझ्याच जागेत करते आहे.

18 जणी, तीन तुकड्या, असं ठरवलं. निमंत्रणातला मजकूर असा केला आहे: "नवीन 24 दागिने पहिल्यांदा तुम्हाला दाखवते आहे. ते विक्रीला आहेत, किमती सोबत लिहिल्या आहेत. घ्यायचं नसेल तरी या. जुना तुटलेला दागिना असेल तर आणा, जमेल तो तिथेच नीट करून देईन." तुटलेल्या दागिन्याची कल्पना प्रतिसाद १ मधल्या हारावरून सुचली.

एक शंका राहिली. मापात करून हवंय पण तिथे पूर्ण होणार नाही, अशा मागण्या कशा घ्यायच्या? मागच्या वेळी दोघींनी तोंडी सांगितलं, मी चांदी आणली, आणि नंतर एकीचा विचार बदलला.

प्रतिसाद ३

तोंडी अजिबात नको. वही ठेवा. माप, धातू, खडा, तारीख लिहा, एक साधं चित्र काढा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि त्या पानाचा फोटो तिला पाठवा. आणि एका कार्यक्रमाच्या पाचच मागण्या घ्या. सहावीला पुढची तारीख द्या, ती थांबते.

धागाकर्ती

हे करते. आज सगळे ट्रे उलटे करून फेल्ट खरवडून काढलं. खालचा गोंद अजून निघत नाहीये, कोणाला सोपा उपाय माहीत असेल तर सांगा. आणि तो पानाच्या आकाराचा जोड अजून माझ्याकडेच आहे. त्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं, ती खड्यांची जोडी परत आण, पैसे परत देते. ती थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पानांची एक लहान जोडी करशील का? माझ्या बजेटात?" पहिल्या तुकडीत तिलाच बोलावलं आहे, माप घ्यायला.