सल्ला हवा: इयन होम बघायला-ऐकायला कुठून सुरुवात करू? (बाबांसाठी, बजेट १५००)

मीनल_सांगली
नमस्कार मंडळी. बाबा ७४ वर्षांचे, बँकेतून रिटायर. तरुणपणी राज्य नाट्य स्पर्धेत बरीच वर्षं कामं केली. मग एका प्रयोगात दुसऱ्या अंकात ब्लँक झाले, विंगेतून वाक्य दिलेलंही कानात शिरेना, सोबतच्याने प्रवेश सावरून नेला, पण त्यानंतर बाबांनी तोंडाला रंग लावला नाही. घरात तो विषय निघत नाही.

मागच्या आठवड्यात मी त्यांना इयन होम या ब्रिटिश नटाबद्दल वाचून दाखवत होते. १९७६ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या 'द आइसमन कमेथ' या नाटकात ह्यालाही स्टेजवर उभं राहणं अशक्य झालं आणि तो रंगभूमीपासून लांब गेला, पण सिनेमा, टीव्ही, रेडिओ चालूच राहिलं. बाबांनी एवढंच विचारलं, "परत आला का?" मी म्हटलं आला. म्हणाले, "मग दाखव."

अडचणी सांगते. मधुमेहाने नजर अधू झालीय, सबटायटल वाचता येत नाहीत. इंग्रजी कळतं पण भरभर बोललेलं निसटतं. एका बैठकीला तासभरच. लॅपटॉप आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे, नवीन काही घेणार नाही. १५०० च्या आत.

६५_इंची
लॉर्ड ऑफ द रिंग्ज, दुसरा विचारच करू नका. आणि घ्यायचं तर फोरके एक्स्टेंडेड सेटच घ्या, मी दिवाळीत घेतला, त्याच्यासाठी टीव्ही बदलला, साउंडबार लावला, आता थिएटरला जावंसंच वाटत नाही. होमच्या म्हाताऱ्या बिल्बोच्या हातातून अंगठी सुटत नाही तो सीन मोठ्या पडद्यावर बघाच. टीव्हीचं बाबांनाही बरं पडेल, मोठं दिसेल.

कोकणकडा
अहो, १५०० लिहिलंय त्यांनी. आणि तीन भागांत मिळून होम आहे किती? पहिल्यात सुरुवातीला, मग रिव्हेंडेलला, आणि तिसऱ्याच्या शेवटी. ज्या माणसाला नट बघायचाय त्याला ११ तासांचं युद्ध कशाला?

ट्रान्झिस्टर
सिनेमा राहू दे, रेडिओ! बीबीसी रेडिओ ४ ने १९८१ मध्ये हीच कथा २६ भागांत केली, एकेक भाग अर्ध्या तासाचा, आणि त्यात इयन होम फ्रोडो आहे. बिल्बो नाही, फ्रोडो! जादूगार गँडाल्फ मायकल हॉर्डर्न, आणि फ्रोडोचा सोबती सॅम कोण तर बिल नाय, तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. म्हणजे १९८१ ला ज्याने अंगठी वाहून नेली त्यानेच २० वर्षांनी पडद्यावर ती सोडून देणारा म्हातारा केला. शेवटाकडचा फ्रोडो ऐका, आवाजच झिजत गेलाय, शब्द तेच पण मागचा माणूस दमलेला. मी रात्री दिवे बंद करून सगळं दोनदा ऐकलंय. नजरेचा प्रश्न असेल तर ह्याच्यापेक्षा चांगलं काही नाही, आणि अर्ध्या तासाचे भाग म्हणजे बाबांच्या बैठकीतही बसतं.

मीनल_सांगली
@ट्रान्झिस्टर हे खरंच मनात भरलं. पण बाबांना त्या कथेतलं काहीच माहीत नाही हो, एवढी नावं कानाने लक्षात ठेवणं जमेल का?

ट्रान्झिस्टर
पहिले दोन भाग जड जातील. मग जमतं.

दादर_पश्चिम
सगळीकडे 'इयान होल्म' छापतात. ल चा उच्चार नाही, धागाकर्तीने बरोबर लिहिलंय. आपल्याकडच्या पेपरांनी २०२० मध्ये तो गेला तेव्हाही होल्मच छापलं होतं.

कोकणकडा
ज्याला जसं म्हणायचं तसं म्हणू द्या ना.

दादर_पश्चिम
नाही, माणसाच्या नावाचा तेवढा मान ठेवला पाहिजे.

रात्रपाळी
एलियन (१९७९). होम त्यात थंड डोक्याचा सायन्स ऑफिसर ॲश. पहिल्यांदा बघताना कळतच नाही हा माणूस एवढा शांत का, आणि मग कळतं की तो माणूसच नाही, यंत्र आहे. एका प्रसंगात नुसता जागच्या जागी हलका धावतो, तेवढ्यानेच अंगावर काटा येतो.

कोकणकडा
स्पॉइलर दिलात!

रात्रपाळी
४० वर्षांहून जुना पिक्चर आहे.

पुष्पक_७८
तरी नको होता द्यायला, मी अजून बघितला नव्हता. असो. माझं मत, पडद्यावरचा होम बघायचा तर चॅरियट्स ऑफ फायर (१९८१). दोन तास चार मिनिटं, दोन बैठकांत बसतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट, होम आहे सॅम मुसाबिनी, धावपटू हॅरॉल्ड अब्राहम्सचा कोच. ह्याला स्टेडियममध्ये घेत नाहीत, म्हणून हॉटेलच्या खोलीत बसून राहतो, बाहेर राष्ट्रगीत वाजतं, खिडकीतून झेंडा वर चढताना दिसतो आणि आपला पठ्ठ्या जिंकला हे त्याला कळतं. मग काय करतो, तर स्वतःच्या हॅटमधून मूठ आरपार घालतो. मी शाळेत ॲथलेटिक्सला मुलं तयार केली २२ वर्षं, जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धांना मला कधी सोबत पाठवलं नाही, निकाल फोनवर कळायचा. तो सीन मी एकट्यानेच बघतो. ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ते ऑस्कर गेलं जॉन गिलगुडना, ब्रिटिश सिनेमाचं बाफ्टा मात्र ह्याला मिळालं.

६५_इंची
चॅरियट्स चांगला आहेच, साउंडबारवर त्याचं म्युझिक काय वाजतं म्हणून सांगू.

सीडीवाले_काका
मीनलताई, एक मोलाचं सांगतो. परदेशातून डीव्हीडी मागवाल तर रीजन बघा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालते तो नंबर. भारत रीजन ५, इंग्लंड २, अमेरिका १. मी एका दुकानातून इंग्लंडची डिस्क मागवली, महिनाभर वाट बघितली, प्लेअरने तोंडात घेतली आणि बाहेर टाकली. दुकानदार म्हणे परत घेत नाही. पैसे गेले, उत्साहही गेला. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन बदलता येतो पण पाचदाच, मग जिथे असेल तिथेच अडकतो.

रात्रपाळी
रीजन कोण बघतं आता, सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं.

सीडीवाले_काका
आज असतं, पुढच्या महिन्यात काढून टाकतात. डिस्क आपली ती आपली.

पुणे_मार्गे_लंडन
मी होमचं किंग लिअर, शेक्सपिअरचं, प्रत्यक्ष बघितलंय. १९९७, लंडनचं नॅशनल थिएटर, कॉटस्लो सभागृह, दिग्दर्शक रिचर्ड आयर. मी तेव्हा विद्यार्थी, परत आलेल्या तिकिटांसाठी सकाळपासून रांगेत. ते सभागृह म्हणजे ह्या संस्थेतलं सगळ्यांत लहान, नट हात लांबवला तर लागेल इतका जवळ. होम बुटका, ६५ वर्षांचा, पण पहिल्या प्रवेशात बाप म्हणून त्याची अशी जरब की पोरी गप्प का बसतात ते कळतं. आणि वादळात तो सगळे कपडे काढतो. अंगावर चिंधी नाही, म्हातारं शरीर, आणि एवढ्या जवळून. कुणी खोकलंसुद्धा नाही. १९९८ ला त्यासाठी लंडनच्या रंगभूमीचं ऑलिव्हिए अवॉर्ड मिळालं, सर पदवीही त्याच वर्षी. बीबीसीने ते टीव्हीसाठी केलंय, अडीच तासांचं आहे. पण सुरुवात त्याने नका करू. शेक्सपिअरची भाषा, सबटायटल नाहीत, बाबा कंटाळतील. आधी सोपं काहीतरी दाखवा, लिअर सगळ्यांत शेवटी.

कोकणकडा
+१. लिअर नकोच. बाबांच्या वयाला एवढं दुःख कशाला.

दादर_पश्चिम
अनुमोदन, लिअर शेवटी. एक दुरुस्ती: १९७६ नंतर तो थेट १९९३ लाच परत आला असं लोक लिहितात, ते पूर्ण खरं नाही. १९७९ ला लंडनमध्ये हॅम्पस्टेडला चेकॉव्हचं अंकल वान्या केलं होतं. पण खरं परत येणं १९९३ चंच, अल्मेडा थिएटर, नाटककार हॅरॉल्ड पिंटरचं मूनलाइट. पिंटरशी जुनं नातं, १९६५ ला त्याच्याच द होमकमिंगमधला लेनी ह्यानेच केला, १९६७ ला ब्रॉडवेवर त्यासाठी टोनी अवॉर्ड मिळालं.

ट्रान्झिस्टर
परत सांगतो, रेडिओ. भीती स्टेजची होती, माइकची नव्हती. तिथे तो मोकळा वाटतो.

मीनल_सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्णय घेतलाय आणि तुम्ही सगळे नको म्हणालात तेच करतेय, लिअर.

कारण सांगते. बाबांना विंदांनी मराठीत आणलेला राजा लिअर जवळजवळ पाठ आहे. तरुणपणी त्यांना तो करायचा होता, तालमीपर्यंतही गेला नाही. मग सबटायटलची गरजच काय? कोण कुणाला काय म्हणतंय हे त्यांना माझ्यापेक्षा आधी कळणार. परवा मी बीबीसीचं रेकॉर्डिंग लावायचं ठरवलं तर म्हणाले आधी पहिला अंक वाच. मी विंदा वाचले, मग होम लावला.

डिस्क बाहेरच्या रीजनची, मामेभावाकडे होती, फक्त कुरिअरचे पैसे पडले. @सीडीवाले_काका लॅपटॉपचा रीजन एकदाच बदलला, चार वेळा शिल्लक आहेत. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी डिस्क प्लेअरमध्येच घालून बसले असते.

पुणे_मार्गे_लंडन
हे मला सुचलं नव्हतं. कुठपर्यंत आलात?

मीनल_सांगली
तीन दिवसांत वादळापर्यंत. बाबा स्क्रीनला अगदी चिकटून बसतात, मी मागे सरकायला सांगायचं सोडून दिलंय. वादळाच्या प्रवेशात मला आवाज ऐकू आला, वाटलं लॅपटॉपचा स्पीकर खरखरतोय. बाबा मराठीत बोलत होते, त्याच्या बरोबरीने, हळू. एके ठिकाणी अडले. मी पुस्तकातली पुढची ओळ वाचली, त्यांनी ती उचलली आणि पुढे गेले.

नंतर विचारलं, किती वर्षांचा होता म्हणालीस हा? ६५ म्हटलं. काही बोलले नाहीत, उद्या चौथा अंक वाच म्हणाले.

आमच्या पुस्तकाची पानं सुटायला लागलीत. विंदांच्या लिअरची प्रत सांगली-कोल्हापूरकडे कुठे मिळेल ते कुणाला माहीत असेल तर सांगा, त्याच्यासाठी १५०० पूर्ण शिल्लक आहेत. रेडिओवरचा फ्रोडो त्याच्यानंतर.