योहान ६: आपण भाकरी शोधतोय की देणाऱ्याला?

वाटसरू:
योहानाच्या शुभवर्तमानाचा (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) ६ वा अध्याय पुन्हा वाचताना अडकले. जवाच्या पाच भाकरी, दोन मासे, तेवढ्यात येशूने पाच हजार पुरुषांना जेवू घातलं, बारा टोपल्या उरल्या, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण दुसऱ्या दिवशी तेच लोक होड्यांत बसून येशूला शोधत सरोवराकाठच्या कफर्णहूम गावी आले, तेव्हा त्याने तोंडावर सांगितलं की पोटभर भाकरी मिळाली म्हणून तुम्ही माझ्यामागे आलात. नाशवंत अन्नासाठी श्रम करू नका.

मग माझ्या प्रार्थना आठवल्या. नोकरी, घर, तब्येत, मुलांचे मार्क. इतक्या वर्षांत ‘प्रभू, मला तूच हवास’ असं किती वेळा म्हटलं? विश्वास ठेवा, भरभराट होईल, हा उपदेश माझ्या मते या अध्यायाच्या थेट विरुद्ध आहे.

जोंधळा:
भरभराटीच्या उपदेशाबद्दल एकमत. बाकी नाही. आदल्या दिवशी त्याने आधी जेवू घातलं, तेही न मागता. सैतानाने दगडांच्या भाकरी करायला सांगितल्या तेव्हा ‘मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही’ हे वचन त्याने स्वतःच्या भुकेला लावलं. दुसऱ्याच्या भुकेला कधीच नाही. आपण नेमकं उलटं करतो: आपलं ताट भरलेलं असतं आणि उपाशी माणसाला आत्मिक अन्नाच्या गोष्टी सांगतो. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय बघा. उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणून काही न देता पाठवलं, तर त्याचा काय उपयोग?

तेलवात:
दोघांनाही एक आठवण. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘रोजची’ भाकर म्हणतो, त्या जागी मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ आहे. तो मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतल्या याच प्रार्थनेत येतो आणि त्याच्या अर्थावर आजही वाद आहे. प्राचीन ख्रिस्ती पंडित जेरोमने बायबलच्या लॅटिन भाषांतरात लूकमध्ये ‘रोजची’ असा अर्थ घेतला, पण मत्तयात त्याच शब्दाला ‘सर्व पदार्थांपलीकडची’ अशा अर्थाचा शब्द दिला. म्हणजे पोटाची की आत्म्याची, हा प्रश्न नवा नाही.

जोंधळा:
दोन्ही ठिकाणी ‘आम्हाला’ दे आहे, ‘मला’ नाही, हेही लिहा.

वाटसरू:
‘आम्हाला’ हा मुद्दा मान्य. माझ्या यादीत सगळं माझंच होतं. उपाशी माणसाला उपदेश करा, असं मात्र मी म्हटलेलं नाही. मी पोट भरलेल्यांबद्दल बोलतेय, म्हणजे माझ्याबद्दल. जोंधळा, तुम्ही फक्त भाकरीपाशी थांबलात तर त्या अध्यायाचा शेवट कुठे बसवणार? लोक त्याला जबरदस्तीने राजा करायला निघाले तेव्हा तो डोंगरावर एकटाच निघून गेला. ‘जीवनाची भाकर मीच’ म्हणाला, तेव्हा पुष्कळ शिष्यांनी त्याची साथ सोडली. त्याचे निवडलेले बारा शिष्य उरले. तुम्हीही जाता का, असं त्यांना विचारलं. त्यांच्यातल्या पेत्राने भाकरीचं नावही काढलं नाही. प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार, म्हणाला.

जोंधळा:
शेवट मला टाळायचा नाही. पण ज्याच्या घरी आज चूल पेटलेली नाही, त्याने घाबरून भाकरीच मागितली, तर त्याची प्रार्थना कमी दर्जाची, असं तुम्ही म्हणाल का?

वाटसरू:
नाही. त्याची नाही. माझी.